डॉक्टरांना आतून वाटलं

आईच्या लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली, नऊ वह्या आहेत. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याच्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे १४ जून १९९७. खाली आईच्या गोल अक्षरात प्रश्नोत्तरं आहेत. दवाखान्यातून घरी आल्यावर, आठवतील तशी, तिने रात्री बसून लिहिलेली.

झोप? – तुटक. गोड आवडतं का? – फक्त बिस्किट, तेही तुटलेलं नको. अंधाराची भीती? – दिवा लागतो. उचलून घेतलेलं आवडतं? – नाही. कुणी बघितलं तर? – तोंड फिरवतो.

आणि पानाच्या तळाशी: गरोदरपणी भीती वाटली होती का? – हो.

हा शेवटचा 'हो' आमच्या घरात वीसेक वर्षं राहिला. तो कुठून आला, हे शोधायला मी गेल्या काही वर्षांत बरंच वाचलं. होमिओपॅथीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला वाद घालायचा होता, हे कबूल करते. पुढे वाद थोडा बाजूला पडला. डॉक्टरला 'आतून वाटणं' म्हणजे काय, आणि जे मूल बोलतच नाही त्याच्या बाबतीत ते वाटणं नक्की कशावर उभं असतं, हा प्रश्न मात्र जास्तच टोचायला लागला.

*

आधी आमची गोष्ट. माझा भाऊ मार्च १९९३चा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याची परवानगी मागितली तर तो 'पंखा' म्हणेल, आणि ती हो आहे की नाही हे मला ठरवता येणार नाही. चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर बघायचा नाही, पण दोन खोल्यांपलीकडे कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायचा, त्यामुळे कान शाबूत आहेत हे आईला तपासणीआधीच माहीत होतं. पंखा लावला की खाली उताणा पडून बघत राहायचा.

आम्ही जोगेश्वरीला चाळीत राहायचो. एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. दुसऱ्यांनी तीन मिनिटांत 'मतिमंद' असं केसपेपरवर लिहिलं. 'ऑटिझम' हा शब्द आमच्यापर्यंत आलाच नव्हता, 'स्वमग्नता' तर दूरची गोष्ट. दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' १९९१ साली सुरू झाली होती. मुंबईतलं 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१चं. १९९७मध्ये चाळीतल्या बाईला यातलं काय कळणार? कुणीतरी सांगितलं, दादरला एक होमिओपॅथ आहेत, देवमाणूस, लहान मुलांचं फार छान बघतात.

आम्ही तिघं स्लो लोकलने गेलो. भाऊ डब्यातल्या पंख्याकडे टक लावून. पंखा बंद होता, तर एका बाईने आपल्या कंगव्याने पात्याला टोचा देऊन तो सुरू केला. त्या दिवशी त्याच्यासाठी जगात कुणी सर्वांत थोर माणूस असेल तर ती बाई.

दवाखान्यात डॉक्टर खुर्चीवरून उठून त्याच्याशेजारी फरशीवर बसले. दोन तास. तो जे करत होता ते बघत राहिले. मी अकरा वर्षांची होते, पण मला नीट आठवतंय, की माझ्या भावाकडे इतका वेळ बघणारा आमच्या घराबाहेरचा तो पहिला माणूस. मग त्यांनी आईला प्रश्न विचारले. शेवटी थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "मला आतून वाटतंय, हे मूल घाबरलंय. पोटात असतानाच घाबरलंय."

आई रडायला लागली. १९९३चा जानेवारी. मुंबईत दंगल पेटली होती, आणि जोगेश्वरीत काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. आईला सातवा महिना. दाराला आतून पाट लावून ती माझ्या अंगावर हात टाकून रात्रभर जागी असायची. भीती वाटली होती का? हो.

छोट्या बाटलीत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. कांदा, लसूण, कॉफी बंद. त्या गोळ्यांचं नाव आम्हाला पुढे केसपेपरची झेरॉक्स हातात आली तेव्हा कळलं: स्ट्रॅमोनियम २००. स्ट्रॅमोनियम म्हणजे धोत्रा. शंकराला वाहतात तो, काटेरी बोंडांचा. होमिओपॅथीच्या पुस्तकांत अंधाराची, हिंसेची, रात्री किंचाळत उठण्याची जी भीती असते तिच्यावरचं हे ठरलेलं औषध. निवड पुस्तकाबरहुकूम होती. फक्त ती भीती कुणाची होती, एवढाच मुद्दा.

*

आता थोडं मागे, जर्मनीत जाऊ.

झामुएल हानेमान १७५५ साली माइसेन गावात जन्मला. १७९०मध्ये कलन नावाच्या स्कॉटिश वैद्याचं पुस्तक जर्मनमध्ये आणताना सिंकोनाच्या सालीबद्दलचं स्पष्टीकरण त्याला पटलं नाही, म्हणून त्याने ती साल स्वतःच खाऊन बघितली आणि त्याला हिवतापासारखी लक्षणं जाणवली. १७९६मध्ये त्याने मांडलं, की निरोगी माणसात जे औषध जी लक्षणं उठवतं ते तशीच लक्षणं असलेल्या रोग्याला बरं करतं. १८१०मध्ये 'ऑर्गॅनॉन' हा मुख्य ग्रंथ आला. पुढे औषध पुन्हा पुन्हा विरळ करत जाण्याची पद्धत आली. शंभरात एक भाग, त्याच्या शंभरात एक, असं बारा वेळा केलं की मूळ पदार्थाचा एखादा रेणूही त्यात उरेल याची खात्री नसते. माझ्या भावाच्या गोळीमागे हे दोनशे वेळा झालेलं होतं. म्हणजे धोत्रा नावापुरता.

पण मला या सगळ्यापेक्षा १७९२ सालची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेव्हा होमिओपॅथी अजून जन्मायची होती. क्लोकेनब्रिंग नावाचा हानोव्हरचा एक मोठा सरकारी अधिकारी छापील बदनामी सहन न होऊन वेडा झाला होता. गोथाच्या सरदाराने गेओर्गेनताल इथला आपला एक वाडा हानेमानला दिला आणि तिथे हा एकुलता एक रोगी आला. त्या काळी वेड्यांना साखळदंड आणि फटके हा रिवाज होता. हानेमानने दोन्ही नाकारले. आणि पहिले दोन आठवडे त्याने औषधच दिलं नाही, नुसतं बघितलं. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. क्लोकेनब्रिंग पुढच्या वर्षी बरा होऊन घरी गेला. तो कशाने बरा झाला ते आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण दोन आठवडे नुसतं बघणारा डॉक्टर त्या शतकात विरळाच.

'ऑर्गॅनॉन'मध्ये रोग्याची हकिगत कशी घ्यावी यावर वीसेक कलमं आहेत. मी ती फोनवर, लोकलमध्ये वाचली. मला वाटलं होतं की तिथे गूढ काहीतरी असेल. आहे ते बरंचसं एखाद्या चांगल्या फौजदाराला शिकवण्यासारखं. कलम ८३: डॉक्टरने पूर्वग्रह सोडावा, ज्ञानेंद्रियं शाबूत ठेवावीत, लक्ष देऊन बघावं, दिसलं ते इमानाने उतरवावं. कलम ८४: रोग्याला आणि घरच्यांना बोलू द्यावं, मधे तोडू नये, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. आणि कलम ८७, ज्याच्यापाशी माझं स्टेशन हुकलं: ज्या प्रश्नातच उत्तर दडलंय, ज्याला रोग्याने नुसतं हो किंवा नाही म्हणायचं, असा प्रश्न कधीही विचारू नये. नाहीतर रोगी आळसाने किंवा डॉक्टरला खूश करायला काहीही सांगेल आणि चित्र खोटं होईल.

गरोदरपणी भीती वाटली होती का? हो.

*

म्हणजे मुळात हा संप्रदाय अंतःप्रेरणेचा नव्हता. मग ती आली कुठून?

थोडी अमेरिकेतून. जेम्स टायलर केंट (१८४९–१९१६) हा तिथला थोर होमिओपॅथ. त्याने लक्षणांची जी प्रचंड सूची केली, 'रेपर्टरी', ती आजही आपल्याकडच्या होमिओपॅथी कॉलेजांत चालते. तिच्यात मुलांच्या नोंदी शोधल्या तर गंमत वाटते. कुणी बघितलेलं सहन न होणं: अँटिमोनियम क्रूडम. सतत उचलून घ्यायला लावणं: कॅमोमिला. बोलायला उशीर: नेट्रम म्युर, म्हणजे आपलं साधं मीठ. केंट स्वीडनबोर्ग या गूढवाद्याचा अनुयायी होता. रोग आतून बाहेर येतो, म्हणून मनाची लक्षणं सर्वांत वर, शरीराची खाली, अशी उतरंड त्याने पक्की केली.

मोठ्या माणसाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. त्याला विचारता येतं, बाबा रे, तुला काय वाटतं? पण ज्या मुलाकडे शब्दच नाहीत त्याचं मन कोण सांगणार? इथे एक रिकामी जागा तयार झाली. सर्वांत महत्त्वाचं लक्षण मनाचं, आणि मन तर बंद. ती जागा दोघांनी भरली, आईने आणि डॉक्टरने.

विसाव्या शतकात ही जागा वाढत गेली. ग्रीसच्या जॉर्ज विथूल्कास यांनी प्रत्येक औषधाचं 'सार' सांगायला सुरुवात केली, जणू औषध म्हणजे एक स्वभाव, एक माणूस. मग मुंबई आली. हो, आपली मुंबई. १९९१ साली राजन शंकरन यांचं 'द स्पिरिट ऑफ होमिओपॅथी' प्रसिद्ध झालं. रोग म्हणजे वर्तमानाची चुकलेली जाणीव, अशी त्यांची मांडणी, आणि पुढे 'संवेदने'ची पद्धत: रोगी बोलताना हात कसे हलवतो, कुठला शब्द पुन्हा पुन्हा येतो, यावरून खोलवर उतरायचं. युरोप-अमेरिकेतले होमिओपॅथ 'बॉम्बे स्कूल' म्हणून हे शिकायला इथे येऊ लागले. मुलांच्या केसमध्ये गरोदरपणातली आईची मनःस्थिती विचारणं मुंबईच्या कितीतरी दवाखान्यांत रुळलं. शंकरन यांचं म्हणणं होतं की या पद्धतीने अंदाजपंचे कारभार कमी होतो. उलट विथूल्कास यांनीच या नव्या पद्धतींवर कडक टीका केली. बाहेरच्यांना एकच दिसणाऱ्या या घरात भांडणं बरीच आहेत.

आणि याच मुंबईत दुसरं टोकही होतं. डॉ. एम. एल. ढवळे, एमडी होऊन होमिओपॅथीकडे वळलेला मराठी माणूस. त्यांचा सगळा भर नोंदींवर. ठरावीक साच्याचा लांबलचक केस रेकॉर्ड, त्यात सगळं लिहायचं, निष्कर्ष कशावरून काढला तेही लिहायचं. पालघरला त्यांच्या नावाची संस्था आणि रुग्णालय आहे. दादरच्या आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ढवळ्यांचं जाडजूड पुस्तक मी बघितलंय. त्यांनी आईला वही घालायला सांगितलं ते बहुधा त्याच वळणातून. म्हणजे एकाच माणसात दोन्ही मुंबई होत्या, एक वही लिहायला लावणारी, एक डोळे मिटणारी.

*

हे फक्त होमिओपॅथीत झालं असं समजू नका. ज्याला आपण 'खरं' वैद्यक म्हणतो तिथे याहून वाईट झालं.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल एक निबंध लिहिला आणि ऑटिझम वैद्यकशास्त्राच्या नकाशावर आला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याला आणण्याआधी त्याच्या वडिलांनी टाइप केलेलं तेहतीस पानी पत्र पाठवलं होतं: मूल काय खातं, काय फिरवत बसतं, कुठले शब्द कसे उच्चारतं. एका बापाच्या नोंदींवर त्या निबंधाचा पाया आहे. पण त्याच निबंधात कॅनर यांनी आईबापांच्या थंडपणाबद्दलही शेरे मारले. पुढे तेवढेच शेरे लोकांनी उचलले. आईने माया दिली नाही म्हणून मूल असं झालं, 'फ्रीजसारखी आई', हे मानसोपचारतज्ज्ञांना दोन दशकं पटत राहिलं. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७मध्ये त्यावर 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांनाही आतूनच वाटलं होतं.

याला धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड यांनी, १९६४ साली. अमेरिकन नौदलातला मानसशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप. दोष आयांचा नाही, मेंदूच्या जडणघडणीचा आहे, असं त्यांनी पुस्तकभर दाखवलं. (हेच रिमलंड पुढे लसींवर संशय घेऊ लागले. माणूस एका ठिकाणी बरोबर असला की सगळीकडे असतो असं नाही.) १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दहांपैकी एकाही जोडीत दोघांना नव्हता. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना पोट एकच, आई एकच, तिची भीतीही एकच. फरक होता तो वारशाचा.

हे १९७७चं. आमच्या दवाखान्यातला तो प्रश्न १९९७चा.

*

मग आतून वाटणं टाकूनच द्यायचं का? नाही, कारण ते माझ्या आईला वाटतं आणि ते बरोबर असतं. भावाचा भडका उडणार असेल तर तिला दहा मिनिटं आधी कळतं. आम्हाला काही दिसत नाही. ती स्वयंपाकघरातून येऊन खिडकी लावते, टीव्ही बंद करते, त्याच्या हातात गोधडी देते. कसं कळलं विचारलं तर "कळतं" म्हणते.

डॅनियल कानेमन अंतःप्रेरणेवर अविश्वास असणारे, तर गॅरी क्लाइन अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून तिच्या प्रेमात पडलेले. या दोघा मानसशास्त्रज्ञांनी काही वर्षं एकमेकांशी वाद घातला आणि २००९मध्ये मिळून एक निबंध लिहिला. त्यांचं एकमत झालं ते असं: आतून वाटण्यावर विश्वास ठेवायचा तर दोन गोष्टी हव्यात. समोरच्या जगात काही नियमितपणा हवा, आणि आपण चुकलो की बरोबर होतो हे माणसाला वेळेत, पुन्हा पुन्हा कळायला हवं. आईला ते रोज कळतं. खिडकी लावली आणि भडका टळला, किंवा नाही टळला. बत्तीस वर्षं, दिवसातून कितीतरी वेळा.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला हे कसं कळणार? गोळी दिली आणि महिन्याने मूल सुधारलं, तर औषध लागू पडलं. बिघडलं तर होमिओपॅथीत त्यालाही नाव आहे, 'अ‍ॅग्रव्हेशन': आधी वाढतं, मग उतरतं, म्हणजे औषध लागूच पडलंय. काहीच झालं नाही तर थोडं थांबू. चूक कळण्याचे सगळे दरवाजे बंद. त्यात मूल म्हणजे वाढणारी गोष्ट. ऑटिझम असलेलं मूलही वाढतं, शिकतं, कधी थबकतं, कधी एकदम उडी मारतं. त्या उडीच्या आधी जे काही दिलेलं असेल त्याला श्रेय जातं.

यावर मला सर्वांत जास्त शिकवलं ते होमिओपॅथीशी संबंध नसलेल्या एका औषधाने. सिक्रेटिन हे पचनसंस्थेतलं एक संप्रेरक. १९९८ साली तीन मुलांना ते दिल्यावर ती बोलायला लागली अशी बातमी झाली आणि अमेरिकेतले आईबाप त्यावर तुटून पडले. १९९९मध्ये साठ मुलांवर रीतसर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिनचं एक इंजेक्शन, काहींना नुसतं मिठाचं पाणी, कुणाला काय ते आईबापांनाही माहीत नाही. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि सारखीच सुधारली. निकाल आईबापांना सांगितला गेला. त्यानंतरही त्यांच्यातले ६९ टक्के म्हणाले, आम्हाला सिक्रेटिन द्यायला अजून आवडेल. मी हे आईला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "मीपण तेच म्हटलं असतं."

होमिओपॅथीच्याही चाचण्या झाल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये हायनर फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिचंचल मुलांवर केलेली चाचणी २००५ साली छापून आली. आधी प्रत्येक मुलाला लागू पडणारं औषध शोधलं, आणि ज्यांना गुण आला अशाच बासष्ट मुलांना मग आलटून पालटून खरी आणि खोटी गोळी दिली. फरक निघाला, पण लहानसा. होमिओपॅथ त्याकडे बोट दाखवतात. २००७च्या कॉक्रन आढाव्यात अशा चार चाचण्या एकत्र बघितल्या, तर गुण येतो म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. मला फ्राय यांची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. औषध शोधताना त्यांच्या लक्षात आलं की आईबापांनी सांगितलेली मुलाची मनाची लक्षणंच सर्वांत फसवी निघतात. म्हणून ते आवाज, स्पर्श, उजेड मुलाला कसा झोंबतो असल्या रोखठोक गोष्टींकडे वळले. केंटची उतरंड त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून उलटी केली. इतका प्रामाणिकपणा मला दोन्ही बाजूंच्या फार थोड्या लोकांत सापडला.

आणि अप्रामाणिकपणाही बघितला. डच होमिओपॅथ टीनस स्मिट्स यांनी ऑटिझमचं खापर मुख्यतः लसींवर फोडून त्यावर 'सीज' नावाची उपचारपद्धती बसवली. ब्रिटनमधल्या होमिओपॅथांच्या एका मोठ्या संघटनेला ती पद्धत नीट आवरता आली नाही, म्हणून २०२१ साली तिची अधिकृत मान्यता स्थगित झाली. आमचे डॉक्टर त्यातले नव्हते. त्यांनी आईला एकही लस चुकवू दिली नाही.

*

मग त्यांचं चुकलं काय?

१९९८मध्ये महापालिकेच्या रुग्णालयातल्या एका बाईंनी स्पीच थेरपी सुचवली होती. आईने दादरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही एकदम केलं तर कशाने गुण आला ते कळणार नाही. थोडं थांबा." म्हटलं तर हे किती शास्त्रीय वाक्य आहे! आई थांबली. पाच ते दहा ही वर्षं गेली. मी हे लिहिताना रागावलेली नाही, असं लिहिलं होतं, ते खोडलं.

२००३ साली एका बालविकास केंद्रात आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी भावाला खेळवलं आणि मग आईच्या वह्या मागून घेतल्या. पाऊण तास त्या वाचत होत्या. 'आज फॅनकडे चाळीस मिनिटं.' 'पाहुणे आले की ओट्याखाली जातो.' 'पाणी हवं तर माझा हात धरून माठावर ठेवतो, तोंडाने नाही.' 'चपला रांगेत. एक हलवली तर रडला.' वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, निम्मं काम तुम्हीच केलंय. आणि तो शब्द उच्चारला. मग चित्रांची कार्डं आली. पाण्याचं कार्ड, पंख्याचं, नकोचं. पहिल्यांदा त्याने 'नको'चं कार्ड माझ्या हातात दिलं तेव्हा मी त्याचा भात कालवत होते. आज तो तीसेक शब्द बोलतो.

वह्या घालायला कुणी सांगितलं होतं? दादरच्या डॉक्टरांनीच. हे मला पचायला वेळ लागला. त्यांनी दोन तास फरशीवर बसून जे बघितलं ते खरं होतं. त्यांनी जे लिहायला लावलं ते खरं होतं. मधे काही सेकंद डोळे मिटून जे ऐकलं ते माझ्या भावाचं नव्हतं. ते समोर बसलेल्या एका थकलेल्या बाईचं होतं, आणि तिने सांगण्याआधी त्यांनीच ते प्रश्नात घालून दिलं होतं.

डॉक्टर आता नाहीत. आई अजून त्यांना देवमाणूस म्हणते, आणि माझी हे बदलण्याची इच्छा नाही. पण तो 'हो' मला पुसायचा होता. दर जानेवारीत ती गप्प होते, आणि आम्हाला का ते माहीत असतं. या वर्षी मी तिला जुळ्यांची गोष्ट सांगितली, बेटेलहाइमची सांगितली, कलम ८७ वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. भाऊ खाली चटईवर उताणा, पंखा दोनवर.

"मला माहितीये गं," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात चाळीत आम्ही पाच जणी होतो पोटुशा. वरची वहिनी, जिन्याजवळची, समोरच्या दोघी नि मी. रात्री एकाच खोलीत झोपायचो. पाचही जणी सारख्याच घाबरलेल्या."

"आणि?"

"आणि काय? चौघींची मुलं बडबडी. वहिनीचा तर वकील झालाय."

"मग तू डॉक्टरांना हे तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तिने शेंगांची टरफलं गोळा केली.

"त्यांनी माझं विचारलं. बाकीच्यांचं विचारलंच नाही."